आहे त्या बेसचे फ्रेट काढू नकोस

पत्र:

दादा,
मी सांगलीत राहते. दिवसा एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गेली तीन वर्षं बेस वाजवते. माझ्याकडे चार तारांचा साधा, फ्रेटवाला (म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असलेला) बेस गिटार आहे. लग्नसराईत आणि गणपतीत एका ऑर्केस्ट्राबरोबर वाजवते, त्यातून थोडे पैसे सुटतात. शिवाय आमचा पाच जणांचा बँड आहे. अभंग, भावगीतं, नव्या साजात. कीबोर्ड, गिटार, तबला, मी आणि गायिका. गायिका ख्याल शिकते, तिची पट्टी काळी पाच. ती म्हणते, माझा गंधार तिला टोचतो आणि बेसवर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सलग घसरत जाणं, यायला हवी. गिटारवाला म्हणतो, खरा बेसवाला फ्रेटलेसच, म्हणजे बिनफ्रेटचा बेसच वाजवतो, फ्रेट म्हणजे लहान मुलांच्या सायकलला लावलेली बाजूची चाकं. मिरजेतले ओळखीचे एक सतारमेकर माझ्या बेसचे फ्रेट काढून द्यायला तयार आहेत. माझ्याकडे साठवलेले ३५ हजार आहेत. नवा फ्रेटलेस घेऊ, आहे त्याचेच फ्रेट काढू, की हा नादच सोडू? घेतला तर फ्रेटच्या जागी रेघा आखलेला घेऊ की बिनरेघांचा? माझे हात लहान आहेत, हेही सांगून ठेवते.
– काळी पाच, सांगली

उत्तर:

काळी पाच,

दादा म्हणालीस, म्हणून मीही सरळ ‘तू’ म्हणतो.

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. फ्रेट काढू नकोस. फ्रेटलेस घे, पण दुसरा बेस म्हणून घे, रेघांचा घे, आणि लग्नसराई आटोपल्यावर घे. ऑर्केस्ट्रात तो नेऊ नकोस. गायिका गंधाराबद्दल बोलते ते बरोबर आहे, मींडेबद्दल बोलते ते अर्धंच बरोबर आहे, आणि गिटारवाल्याचं काहीच बरोबर नाही.

त्याच्यापासूनच सुरुवात करू, कारण ते लवकर संपेल. लिओ फेंडर या अमेरिकन वाद्यनिर्मात्याने प्रिसिजन नावाचा बेस गिटार बाजारात आणला १९५१ साली. तोवर बेस म्हणजे माणसापेक्षा उंच डबल बेस. वाहून नेताना खांदे जायचे आणि ट्रंपेट-सॅक्सोफोन सुरू झाले की वाजवणाऱ्यालाही तो ऐकू यायचा नाही. फेंडरने मानेवर फ्रेट बसवले ते नवशिक्यांची सोय म्हणून नव्हे. गोंगाटात उभ्या असलेल्या धंदेवाईक वादकाचं बोट अंमळ मागेपुढे पडलं तरी सूर नेमका लागावा, हा त्यातला हेतू. म्हणजे आज तुझी ऑर्केस्ट्रातली जी अडचण आहे, नेमकी तीच. बेस गिटारच्या घरात फ्रेटलेस नंतर आला. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने १९६१च्या सुमाराला एका स्वस्तातल्या बेसचे फ्रेट उपटले. ॲम्पेग कंपनीने १९६६ साली कारखान्यातून फ्रेटलेस काढला, आणि फेंडरने १९७० साली.

गिटारवाला जॅको पॅस्टोरिअस या अमेरिकन बेसवादकाचं नाव घेत असणार. सगळेच घेतात, आणि घ्यावंच. फेंडरचाच १९६२चा ‘जॅझ बेस’, फ्रेट काढून खाचा भरलेला, वर होड्यांना लावतात त्या जातीचं इपॉक्सी. १९७६ साली त्याचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला आणि बेसवाल्यांची झोप उडाली. पण त्याच जॅकोकडे फ्रेटवाला जॅझ बेसही होता, आणि तो वाजवताना त्याला कमीपणा वाटल्याचं दिसत नाही. तुझ्यासाठी मला पिनो पॅलाडिनो जास्त उपयोगाचा वाटतो. १९८०च्या दशकात या माणसाचं नाव झालं तेच मुळी फ्रेटलेसवर. पुढे डीअँजेलो या अमेरिकन गायकाबरोबर काम करायची वेळ आली तेव्हा त्याने काय उचललं? जुना, फ्रेटवाला प्रिसिजन, त्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा. गाण्याला जे लागतं ते उचलायचं, एवढाच हिशेब. गिटारवाल्याला हे सांग, आणि त्याच्या गिटारचे फ्रेट कधी काढतोय, तेही विचार.

आता गंधार. इथे जरा बसू, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

तू तंबोऱ्याजवळ बसली असशील. तंबोऱ्यांचं मिरज तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे. खर्जाची तार नीट लागलेली असली की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो स्वयंभू गंधार. तार पाच समान भागांत थरथरते, त्यातून तो निघतो. तुझ्या गायिकेचे कान त्याच गंधारावर तयार होताहेत. तुझ्या बेसवरचा गंधार मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेला आहे, कीबोर्डसारखाच. यातल्या एका तुकड्याचे, म्हणजे सेमीटोनचे, १०० सेंट धरले तर तुझा गंधार सा पासून ४०० सेंटांवर आहे आणि तंबोऱ्याचा साधारण ३८६वर. तुझा १४ सेंट चढा. पंचमात असला फरक जेमतेम २ सेंटांचा, म्हणून पंचमाबद्दल ती कुरकुरत नाही. पेटीवरून आपल्याकडे जो वाद पेटला त्यातही हा गंधार होताच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटी बंद केली ती थेट १९७१पर्यंत. तेव्हा तुमच्या बँडमध्ये या कारणावरून धुसफूस झाली तर ती खानदानी धुसफूस आहे असं समज.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आज रात्री घरी करून बघ. बेस ट्यूनरवर नीट लाव. ए तारेवर (जाडीकडून ई, ए, डी, जी यांतली दुसरी) चौथ्या फ्रेटच्या जवळ बोट नुसतं टेकवून, न दाबता, तार छेड. असा निघणारा बारीक सूर, म्हणजे हार्मोनिक, नेमका फ्रेटच्या डोक्यावर नीट वाजणार नाही. बोट नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) दिशेला साधारण पाच मिलिमीटर मागे घेतलंस की तो काचेसारखा लख्ख वाजेल. बोट उचल, तो वाजू दे. लगेच जी तारेचा अठरावा फ्रेट दाबून वाजव. नावाला दोन्ही सूर एकच. पण पहिला २७५ हर्ट्झ आहे आणि दुसरा २७७च्या थोडा वर. दोन्ही एकत्र ऐकलेस की सेकंदाला दोनदा आवाज वरखाली होताना ऐकू येईल. तोच तो टोचणारा गंधार. आणि तो पाच मिलिमीटरचा तुकडा पुन्हा बघ. ३४ इंची तारेचा पाचवा भाग म्हणजे ६.८ इंच. चौथा फ्रेट आहे ७ इंचांच्या किंचित पुढे. फ्रेट नसता, तर बोट तिथे मागे ठेवून तुला गायिकेचा गंधार मिळाला असता. फ्रेट असताना बोट फ्रेटच्या मागे कुठेही ठेव, सूर ठरवणार तो फ्रेटच.

तार ओढून का नाही जमणार, असं तुझ्या मनात आलं असेल. तार ओढली की सूर चढतो, उतरत नाही, आणि तुला तर उतरवायचाय. सतारवादक खालच्या पडद्यावरून तार ओढून वरचा सूर काढतात. पण सतारीच्या पडद्यावर तार आडवी ओढायला ऐसपैस जागा असते आणि तारही बारीक. बेसची जाडजूड तार जवळजवळ एक सेमीटोन ओढून धरायची आणि नेमक्या ८६ सेंटांवर थांबवायची, हे एखाद्या सुरापुरतं जमेल. गाणंभर नाही.

तर फ्रेटलेसवर हा गंधार मिळतो, हे खरं. पण तुमच्या बँडमध्ये कीबोर्ड आहे ना? तो बाबा तंबोऱ्याला विचारून वाजवत नाही. त्याने कॉर्डमध्ये गंधार दाबून धरला आणि तू खाली १४ सेंट उतरलेला गंधार लावलास, तर गायिका खूश होईल आणि बाकी सगळं बिघडेल. म्हणून वाद्य घेण्याआधी, एक पैसाही खर्च न करता, तालमीत हे करून बघा: गायिका गंधारावर थांबते त्या जागी कीबोर्डने कॉर्डमधला गंधार सोडायचा, नुसते सा-प ठेवायचे, आणि तूही सा किंवा प वर राहायचं. गंधार तिचा तिला लावू दे. तुमची निम्मी कुरकुर इथेच मिटेल असं मला वाटतं. उरलेल्या निम्म्यासाठी फ्रेटलेस.

तिच्या पट्टीत तर एक गंमत आहे. काळी पाचचा गंधार म्हणजे डी, आणि तो तुझ्या बेसवर मोकळ्या तारेवर मिळतो. मोकळी तार हाताला सोपी, म्हणून तू बहुतेक वेळा तीच वाजवत असणार. ती ट्यूनरवर लावलेली, म्हणजे चढीच. फ्रेटलेस आला तरी ही सवय राहिली तर गायिकेला फरकच जाणवणार नाही. तेव्हा गंधार ए तारेवर, पाचव्या रेघेच्या पाच मिलिमीटर मागे घ्यायचा. आणि सगळीकडे हाच गंधार, असंही धरून बसू नकोस. रागागणिक त्याची जागा हलते. तिच्याकडून दोन-तीन रागांतला गंधार गाऊन घे आणि बोटाने शोध.

आता मींड. फ्रेटवाल्या बेसवर बोट सरकवलंस तर प्रत्येक फ्रेटवर सूर ठेचकाळत जातो. फ्रेटलेसवर तो सलग जातो. म्हणून नवा फ्रेटलेस हातात आला की पहिले काही महिने माणूस प्रत्येक सुराला घसरत जातो आणि घसरत येतो. वाजवणाऱ्याला मजा येते, ऐकणाऱ्याला मळमळतं. बेस खालचा आवाज आहे. तुझी मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. तिथे दोन वाद्यं, किंवा एक गळा आणि एक वाद्य, एकाच वेळी वाकडी गेली की कानाला रेंदा ऐकू येतो. गायिका मींड घेते तेव्हा तू सा धरून बस. ती कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे तुझ्या न हलणाऱ्या सुरावरूनच श्रोत्याला कळतं. ख्यालात तंबोरा मींड घेतो का? तिला हे असंच विचार, ती नाही म्हणेल, मग पुढचं बोलणं सोपं जाईल.

तुझी मींड कुठे, तर ओळ संपून धृपदावर परत येताना, ती श्वास घेत असताना. नि वरून सा वर येणं. एखादा लांबलेला सूर संपता संपता हळू थरथरवणं, तेही गिटारसारखी तार आडवी ओढून नव्हे, व्हायोलिनसारखं बोट तारेच्या लांबीत डोलवून. एका अभंगात अशा दोन-तीन जागा पुष्कळ झाल्या.

मला विचारशील तर फ्रेटलेस घ्यायचं खरं कारण मींड नाहीच, आवाज आहे. आणि तो आवाज मिरजेच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

तंबोऱ्याची जवारी कशी काढतात, पाहिली आहेस? घोडीचा माथा धारदार नसतो, किंचित उतरता आणि पसरट असतो. तार त्याच्यावरून सुटताना हलकीशी घासत जाते, त्यातून वरचे स्वर फुलतात. कारागीर कानस फिरवतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. शेवटी दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवून नेमकी जागा पकडायची. फ्रेटलेसचा तो प्रसिद्ध आवाज, ज्याला बेसवाले ‘म्वाऽ’ म्हणतात, त्याच कुळातला आहे. फ्रेटवाल्या बेसवर तार धातूच्या गोल डोक्यावर उभी असते, पुढे तिला काही शिवत नाही, म्हणून सूर छेडल्याबरोबर पूर्ण आणि चकचकीत निघतो. फ्रेटलेसवर तार बोटाखाली थेट लाकडावर दाबली जाते, आणि बोटाच्या पुढे अगदी थोडा उतार घेऊन सुटते. त्या थोड्या जागेत ती लाकडाला घासते. सुरुवातीचा ठोका मऊ, मग सूर मागून उमलत येतो. तंबोऱ्यात हे एका टोकाला, घोडीवर, कायमचं बसवलेलं असतं. इथे ते तुझ्या बोटाबरोबर मानेवर फिरतं, म्हणून प्रत्येक सुराला वेगळं आणि बोटाच्या दाबावर अवलंबून.

यातूनच वाद्य निवडायच्या अटी निघतात. फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवर बोटं पडतात ती लाकडी पट्टी, कडक हवा. एबनी किंवा इपॉक्सी चढवलेला उत्तम, रोजवुड चालेल. तारा फिंगरबोर्डाच्या जवळ, मान जवळजवळ सरळ, नावापुरता बाक. ब्रिजजवळ, म्हणजे बेसच्या घोडीजवळ, पिकअप (तारेची थरथर टिपणारं चुंबक) असलेला, म्हणजे जॅझ बेसच्या धर्तीचा घे. ब्रिजकडच्या पिकअपवर म्वाऽ स्पष्ट येतो, प्रिसिजनच्या एकुलत्या मधल्या पिकअपवर तो दबतो. तारा फ्लॅटवाउंड लाव. जॅको राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत तारा वाजवायचा, पण त्याच्या लाकडावर इपॉक्सीचं कवच होतं. उघड्या रोजवुडवर राउंडवाउंड लावून रोज रियाज केलास तर वर्षा-दोन वर्षांत तारांचे चर लाकडात उमटतील. फ्लॅटवाउंड महाग वाटतील, पण वर्षानुवर्षं चालतात. ३५ हजारांतले २५-२६ वाद्याला, बाकी तारा आणि नीट सेटअपला, म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक जुळवून घ्यायला ठेव. सेटअप न केलेला फ्रेटलेस दुकानात मुका वाटतो आणि लोक दोष वाद्याला देतात.

वापरलेला मिळाला तर आनंदाने बघ, फक्त फिंगरबोर्डावर तिरपा उजेड पाडून चर पडलेत का ते तपास, ट्रस रॉड (मानेचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) दोन्ही बाजूंना फिरतो ना ते विचार, आणि प्रत्येक तारेवर बाराव्या जागेपर्यंत एकेक सूर वाजव. कुठे एखादा सूर अचानक मेला, तर तिथे लाकूड वर आलंय.

मग फ्रेट काढायला हरकत काय, असं म्हणशील. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. बेसचा फ्रेट लाकडात चिरलेल्या खाचेत ठोकून बसवलेला असतो, आणि खाचेत जाणाऱ्या त्याच्या पायाला बारीक दाते असतात. तो उपटला की लाकडाचे टवके निघतात. सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवून, कडेपासून हळूहळू उचलत काढला तरी थोडेफार निघतातच. मग वीसेक खाचा राहतात. त्या लाकडी पट्ट्यांनी घट्ट भराव्या लागतात, नाहीतर मान मऊ पडून तारेच्या ताणाने पुढे वाकते. मग पूर्ण फिंगरबोर्ड एका पातळीत घासायचा. तेवढ्यावरही भागत नाही. फ्रेटची उंची गेली म्हणजे तारा तेवढ्या वर राहिल्या, म्हणून नटच्या खाचा खोल करायच्या आणि ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, खाली घ्यायचे. हे सगळं मिरजेतल्या त्या काकांना अशक्य आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो हात उगाच नाही. पण आत लोखंडी ट्रस रॉड असलेल्या मानेवर त्यांनी याआधी काम केलंय का, हे विचार. आणि केलं असलं तरी तुझा हा एकच बेस आहे, त्याच्यावर तुझी बिदागी चालते. एक-दोन हजारांत एखादा टाकाऊ बेस मिळाला तर तो खुशाल त्यांच्या हातात दे, दोघं मिळून शिका. नवा फ्रेटलेस आणलास की तोही त्यांना दाखव. तार कुठे घासते आणि कुठे घासायला नको, हे त्यांच्याइतकं चटकन ओळखणारा माणूस तुला गिटारच्या दुकानात मिळायचा नाही.

ऑर्केस्ट्रात का नको, तर हिशेब मिलिमीटरचा आहे. ३४ इंची बेसवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ४८ मिलिमीटरवर असतो, म्हणजे तिथे बोट एक मिलिमीटर चुकलं तर २ सेंट गेले. बाराव्या फ्रेटजवळ तोच सेमीटोन २४ मिलिमीटरचा, तिथे एका मिलिमीटरला ४ सेंट. घरी, शांततेत, हे कान सांभाळून घेतो. मांडवात काय होतं ते तुला माहीत आहे. मॉनिटरमध्ये नुसता गायक, शेजारी ड्रम्स, समोरच्या सबवूफरमधून तुझाच आवाज उशिरा आणि गडगडत परत येतोय, आणि गायक ऐन वेळी म्हणतो, अर्धी पट्टी वर घ्या. फ्रेटवाल्या बेसवर तू हात एक घर सरकवतेस आणि ऐकू आलं नाही तरी सूर बरोबरच राहतात. फ्रेटलेसवर ऐकू येणं बंद झालं की सूर अंदाजाने. शिवाय तिथल्या गाण्यांना ढोलकी आणि किक ड्रमबरोबर पडणारा टणक ठोका लागतो, तो फ्रेटचाच. पुढे-मागे कानात घालायचे मॉनिटर आलेच तर पुन्हा लिही.

रेघांचा घे, आणि त्याची लाज बाळगू नकोस. तू आठवड्यातून दोन्ही वाद्यांवर ये-जा करणार, तेव्हा डोळ्याला आधार हवा. फक्त एक सवय मोडावी लागेल. फ्रेटवाल्यावर बोट फ्रेटच्या जरा मागे पडतं, फ्रेटलेसवर ते बरोब्बर रेघेवर पडायला हवं. नवशिक्या फ्रेटलेसवाल्याचे सगळे सूर एकजात उतरे का लागतात, याचं कारण बहुधा एवढंच असतं. दुसरं, विकत घेण्याआधी मानेच्या कडेचे ठिपके बघ. फ्रेटवाल्यावर ते दोन फ्रेटच्या मधोमध असतात. बिनरेघांच्या फ्रेटलेसवर बहुधा थेट सुराच्या जागेवर. रेघांच्या काही बेसवर मात्र ते जुन्यासारखे मधोमधच ठेवलेले असतात. उभ्याने वाजवताना तुला समोरच्या रेघा तिरप्या दिसतात, कडेचे ठिपके सरळ. ते कुठल्या पद्धतीचे आहेत हे माहीत नसेल तर पहिल्याच तालमीत अर्ध्या घराचा घोटाळा होईल.

पावसाळ्यात दोन्ही वाद्यांकडे लक्ष ठेव. हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगतं, मान हलते. फ्रेटवाल्याला ते बऱ्यापैकी खपतं, फ्रेटलेसचा म्वाऽ मात्र एका आठवड्यात गायब होऊ शकतो किंवा सूर गुदमरायला लागतात. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ट्रस रॉड बघून घ्यायचा. आणि एप्रिल-मेमध्ये सध्याच्या बेसच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोचायला लागली, तर घाबरू नकोस, लाकूड सुकून आकसलंय.

रियाजाचं. तंबोऱ्याचं ॲप काळी पाचवर लाव. सा ई तारेच्या सहाव्या रेघेवर घे. ए तारेच्या पहिल्या रेघेवरही तोच सा आहे, एका सप्तकाच्या फरकानेही नाही, अगदी तोच. पण तिथे बोटं फार फाकतात आणि हात नटला चिकटून राहतो. सहाव्यावर बसलीस की पंचम ए तारेच्या आठव्या रेघेवर, वरचा सा डी तारेच्या आठव्यावर, आणि तो गंधार ए तारेच्या पाचव्या रेघेच्या मागे, सगळं हाताखाली. सुरुवातीला नुसते सा-प-सा, इतके सावकाश की सूर लागल्यावर तंबोऱ्यातला हेलकावा विरेपर्यंत थांबता यावं. रेघेकडे बघून बोट ठेव, मग डोळे मीट आणि कानाने दुरुस्त कर. रोज थोडं मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी ऐकलंस तर कान आपल्याच बाजूने बोलतात.

राहिले हात. ३० इंची, आखूड मानेचा फ्रेटलेस शोधत बसू नकोस. असतात, पण इथल्या दुकानांत क्वचित दिसतात, आणि दोन वाद्यांवर दोन वेगळी अंतरं लक्षात ठेवणं हा तुझ्यासाठी जास्त मोठा त्रास ठरेल. त्यापेक्षा डबल बेसवाल्यांची रीत उचल. मानेच्या नटकडच्या भागात एका बोटाला एक घर असा हट्ट सोडायचा. पहिलं बोट, दुसरं, आणि मग तिसरं-चौथं जोडीने एकत्र, म्हणजे हाताच्या एका बैठकीत तीनच घरं, आणि पुढे जायचं तर बोटं न ताणता आख्खा हात सरकवायचा. अंगठा मानेच्या मागे, दुसऱ्या बोटाच्या समोर. सातव्या रेघेच्या पुढे अंतरं कमी होतात, तिथून चारही बोटं सुटी वापरायला हरकत नाही. ही रीत आत्ताच्या फ्रेटवाल्या बेसवर आजपासून सुरू कर, म्हणजे फ्रेटलेस येईल तेव्हा डाव्या हाताला नवं शिकायला फारसं उरणार नाही.